दोषारोपपत्राच्या नकला: पहिला संच चांगला, उशिरा येणाऱ्या कागदांची व्यवस्था कच्ची

फौजदारी खटल्यात आरोपीला एक सेवा हक्काने आणि विनामूल्य मिळते: त्याच्याविरुद्ध पोलिसांनी जमवलेल्या कागदांच्या नकला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० खाली ही सेवा चालते. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०७ खाली व्हायचं. पोलिस संच तयार करतात, न्यायालय तो आरोपीच्या हाती देतं आणि पुढची सगळी बचावाची तयारी त्यावरून होते.

मत आधीच सांगतो. पहिला संच देण्याची व्यवस्था चांगली आहे आणि नव्या कायद्याने ती आणखी नेटकी केली आहे. पण खटला सुरू झाल्यावर जे कागद येतात, त्यांच्यासाठी व्यवस्था कच्ची आहे. संच किती दिवसांत द्यायचा याचा आकडा कायद्यात आहे, दोषमुक्तीचा, म्हणजे आरोप ठेवण्याआधीच सोडून द्या असा, अर्ज किती दिवसांत करायचा याचाही आहे. साक्षीच्या आदल्या दिवशी नवा कागद आला तर तो वाचायला आरोपीला किती दिवस मिळतील, याचा आकडा कुठेच नाही. तो प्रत्येक वेळी अर्ज करून मिळवावा लागतो, आणि अर्ज ढिसाळ असेल तर मिळत नाही.

संचात काय येतं

पोलिस अहवाल म्हणजे दोषारोपपत्र, प्रथम खबर (एफआयआर), सरकार पक्ष ज्यांना तपासणार आहे त्या सगळ्या साक्षीदारांचे पोलिसांनी घेतलेले जबाब, कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर झालेले जबाब आणि कबुलीजबाब, आणि दोषारोपपत्रासोबत पाठवलेले बाकी सगळे कागद. आरोपी हजर झाला किंवा त्याला हजर केलं त्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत हे सगळं द्यायचं. आरोपी पाच असतील तर पाचही जणांना वेगवेगळे संच. पीडित व्यक्तीचा वकील असेल तर तिलाही संच मिळतो, ही भर नव्या कायद्याची.

दोन सुधारणा खरोखर कामाच्या आहेत. पहिली, १४ दिवसांची बाहेरची मर्यादा. जुन्या कायद्यात फक्त ‘विनाविलंब’ एवढाच शब्द होता. दुसरी कमी बोलली जाते पण जास्त उपयोगी आहे: कलम १९३(८) प्रमाणे पोलिसांनी नकला सूचीसह द्यायच्या आहेत. सूची असली की काय नाही ते दाखवता येतं. सूची नसलेल्या चारशे पानांच्या गठ्ठ्यात एखादा पंचनामा नाही हे सिद्ध करणं फार जिकिरीचं असतं. त्यामुळे सूची नसेल तर पहिली तक्रार तिचीच करावी. तपासी अंमलदाराने मोबाईल किंवा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) जप्त केला असेल, तर तो कुणाच्या ताब्यातून कुणाच्या ताब्यात गेला याचा क्रमही आता दोषारोपपत्रात लिहावा लागतो. तो रकाना कोरा दिसला तर त्याची नोंद त्याच दिवशी करून ठेवावी.

कागद फारच जास्त असतील तर दंडाधिकारी ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देऊ शकतात, किंवा न्यायालयात येऊन पाहणी करा असं सांगू शकतात. यातला पाहणीचा पर्याय सेवा म्हणून अगदीच तोकडा आहे. बँकेचे हजारभर पानांचे उतारे कारकुनाच्या टेबलाशेजारी उभं राहून, न्यायालयाच्या वेळात वाचायचे आणि त्यावरून उलटतपास उभा करायचा, हे जमत नाही. म्हणून असा आदेश होण्याआधीच लेखी मागावं की पाहणी नको, स्कॅन करून पेनड्राइव्हवर द्या. कायदा तो पर्याय देतो.

सही करण्याआधी

या सेवेत सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे नकला मिळाल्याची सही. न्यायालयात गडबड असते, आरोपी घाबरलेला असतो, गठ्ठा पुढे येतो आणि ‘नकला मिळाल्या’ या शेऱ्याखाली सही होते. दंडाधिकाऱ्यांसमोर चालणाऱ्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांच्या) दोषमुक्तीचा अर्ज करण्याचे ६० दिवस नकला दिल्याच्या तारखेपासून मोजले जातात (कलम २६२). म्हणजे अपुऱ्या संचावर पूर्ण सही झाली की घड्याळ सुरू. सत्र न्यायालयात चालणाऱ्या खटल्यात हेच ६० दिवस कमिटलच्या, म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवल्याच्या, तारखेपासून धावतात (कलम २५०). म्हणून खुनाच्या किंवा दरोड्याच्या प्रकरणात राहिलेल्या कागदांची मागणी दंडाधिकाऱ्यांकडेच, कमिटल होण्याआधी करायची. सत्र न्यायालयात गेल्यावर मागू म्हणणाऱ्याचे दिवस तिथे पोहोचेपर्यंत संपत आलेले असतात.

सही कशी करावी? शेऱ्यातच लिहावं: ‘सूचीतील अनुक्रमांक १४, १९ व २३ वगळता नकला मिळाल्या, पान ८८ ते ९१ अवाच्य.’ तपासायला वेळच दिला नाही तर ‘तपासणीस अधीन राहून मिळाल्या’ असं लिहावं आणि पुढच्याच तारखेला सविस्तर पुरसीस (न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन) द्यावी.

तपासणीचा क्रम असा ठेवला की फारसं काही सुटत नाही. आधी सूची आणि पानांचे आकडे जुळवायचे. मग साक्षीदारांची यादी समोर घेऊन प्रत्येक नावापुढे जबाबाचं पान लिहायचं. ज्याच्यापुढे पान नाही त्याचा जबाब राहिला. पूरक जबाब वेगळे मोजायचे, कारण मूळ जबाब ठेवून पूरक गाळला जाण्याचा प्रकार सर्रास होतो आणि आरोपीचं नाव बऱ्याचदा पूरक जबाबातच आलेलं असतं. त्यानंतर प्रत्येक पंचनामा वाचताना त्यात ज्या-ज्या वस्तूचा, फोटोचा, नकाशाचा, चित्रीकरणाचा उल्लेख आहे ती संचात आहे का, ते पाहायचं. कलम १०५ खाली झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. पंचनाम्यात ‘चित्रीकरण केले’ असं वाक्य आहे आणि क्लिप संचात नाही, तर ती मागायची.

एक चूक इतकी नेहमीची आहे की ती वेगळी सांगायला हवी. हाताने लिहिलेला जबाब पाठपोट असतो आणि झेरॉक्स काढणाऱ्याने फक्त दर्शनी बाजू काढलेली असते. पानांचे आकडे दर्शनी बाजूवरच असल्यामुळे मोजणी बरोबर येते आणि मजकूर निम्माच असतो. वाक्य पानाच्या शेवटी तुटलं आहे आणि पुढच्या पानाच्या सुरुवातीशी जुळत नाही, ही त्याची खूण. दुसरं असं की, झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये तारखेवरची खाडाखोड आणि शाईतला फरक दिसत नाही. जप्ती पंचनाम्याची वेळ, लाखेच्या मोहोरेचा उल्लेख, पंचांच्या सह्या यांसाठी मूळ कागद पाहण्याचा अर्ज करावाच. रंगीत फोटो काळेपांढरे येतात. जखमेचा रंग आणि रक्ताचे डाग त्यात ओळखू येत नाहीत. रंगीत प्रती किंवा फोटोच्या मूळ फाइल मागाव्यात.

नकला दिल्यानंतर ३० दिवसांच्या आत कागद कबूल की नाकबूल हे सांगायला लावलं जातं (कलम ३३०). सोबतचं जोडपत्र न मिळालेला किंवा वाचता न येणारा कागद कबूल करू नये. एकदा कबूल झाला की त्यावरची सही कुणी केली हे सिद्ध करण्याची गरज उरत नाही आणि तो पुराव्यात वाचला जातो. ३० दिवसांची मर्यादा कारणं नोंदवून न्यायालय शिथिल करू शकतं.

दोषारोपपत्राच्या भाषेचा प्रश्नही येतो. दोषारोपपत्र आरोपीला न समजणाऱ्या भाषेत आहे एवढ्यावरून ते बेकायदा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. आरोपी आणि वकील दोघांनाही ती भाषा येत नसेल तर भाषांतर मागता येतं, पण ते सुरुवातीलाच मागायचं.

पेनड्राइव्ह मिळाला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही

मेमरी कार्डवरचा मजकूर हा कायद्याच्या दृष्टीने ‘दस्तऐवज’ आहे आणि त्यावर सरकार पक्ष विसंबून असेल तर आरोपीला त्याची क्लोन (हुबेहूब) प्रत मिळाली पाहिजे, हे २०१९ मध्ये पी. गोपालकृष्णन विरुद्ध केरळ राज्य या निकालात ठरलं. पीडितेच्या खासगीपणाला धक्का लागेल अशा प्रकरणात मात्र प्रत न देता आरोपी, वकील आणि तज्ज्ञ यांना पाहणी करू द्यायची, हेही त्याच निकालात आहे. ही मर्यादा योग्यच आहे.

प्रत्यक्ष अडचणी तांत्रिक असतात. पेनड्राइव्ह लावला की डीव्हीआरची फाइल उघडत नाही, कारण तिला त्या कंपनीचाच प्लेअर लागतो आणि तो सोबत दिलेला नसतो. अशा वेळी प्लेअर मागायचा. ‘दुसऱ्या स्वरूपात बदलून द्या’ असं मागू नये. स्वरूप बदललं की फाइल बदलते, हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा) बदलतो, आणि चित्रावरची तारीख-वेळेची पट्टी जाण्याची शक्यता असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपचंही तेच: पाठवताना ती सहसा दाबून लहान होते, आणि तसं झालं की मूळ क्लिपशी तिचा हॅश जुळत नाही.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत हॅशची नोंद आणि कोणत्या पद्धतीने काढला त्याचा उल्लेख लागतो. प्रमाणपत्र हातात आल्यावर आधी भाग ‘ब’ भरला आहे का ते पाहावं. मग हॅशची अक्षरं मोजावीत: एमडी५ ची ३२, एसएचए-१ ची ४०, एसएचए-२५६ ची ६४. एखादं अक्षर कमी असेल तर टंकलेखनाची चूक आहे, आणि तो आकडा तपासायला निरुपयोगी आहे. त्यानंतर मिळालेल्या फाइलचा हॅश स्वतः काढून पंचनाम्यातल्या आणि प्रमाणपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहावा. इथे घाईने निष्कर्ष काढू नये. एका फाइलचा हॅश आणि पूर्ण कार्डाचा हॅश या वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डावर लिहिण्यास अटकाव करणारं उपकरण न वापरता कार्ड संगणकाला नुसतं जोडलं तरी पूर्ण कार्डाचा हॅश बदलू शकतो, आतली फाइल मात्र तीच राहते. न जुळलेला हॅश हे खाडाखोडीचं लक्षण असू शकतं किंवा निष्काळजी हाताळणीचं. कोणतं ते तज्ज्ञच सांगेल आणि त्याला दिवस लागतात. हेच दिवस अर्जात मागायचे असतात.

कॉल रेकॉर्डची नक्कल छापील कागदावर देतात. त्यावर काम करता येत नाही. एक्सेल फाइल मागावी. सोबत टॉवरच्या पत्त्यांचा तक्ता हवा, नाहीतर सेल आयडीचे नुसते आकडे घेऊन आरोपी कुठे होता हे कळत नाही. मोबाईल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याचं (पोलिसांना माहिती पुरवणाऱ्या अधिकाऱ्याचं) प्रमाणपत्र आणि पोलिसांनी पाठवलेलं मागणीपत्र हे दोन कागदही त्याच संचाचा भाग मानावेत, कारण मागणीपत्रातल्या तारखांवरून पोलिसांनी किती काळाची माहिती मागवली आणि त्यातली किती दाखल केली ते उघड होतं.

बचावाला स्वतःला हवं असलेलं चित्रण दोषारोपपत्राची वाट पाहत बसल्यास हातातून जातं. दुकानाच्या किंवा सोसायटीच्या डीव्हीआरची जागा भरली की जुनं पुसून नवं चढतं, आणि ती मुदत बहुतेक ठिकाणी आठवड्यांची असते. दोषारोपपत्र यायला ६० किंवा ९० दिवस लागतात. म्हणून जतन करण्याचा अर्ज अटकेनंतर लगेच. पोलिस ठाण्यातलं चित्रण १८ महिने जपावं, तेवढी साठवण मिळत नसेल तरी किमान एक वर्ष, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं आहे. तिथे थोडी सवड मिळते, पण मागणी तारीख आणि तास लिहून करावी.

उशीर का होतो

उशिरा येणाऱ्या प्रत्येक कागदामागे लपवाछपवीच असते असं समजून अर्ज लिहिला तर न्यायालय दुरावतं. मोठं कारण कायद्याच्या रचनेतच आहे. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर अटकेतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो (कलम १८७). तो मिळू नये म्हणून मुदतीच्या शेवटी जे हातात आहे ते दाखल होतं, आणि रासायनिक विश्लेषण, डीएनए, मोबाईलचा फॉरेन्सिक अहवाल यांच्यापुढे ‘प्राप्त झाल्यावर सादर करू’ अशी ओळ येते. सी.ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) मग आरोप ठेवल्यानंतर, कधी पाच-सहा साक्षीदार तपासून झाल्यावर येतो. दोषारोपपत्रातली ती ओळ सापडली की त्याच दिवशी आपल्या वहीत लिहून ठेवावं: काय यायचं आहे, मुद्देमाल प्रयोगशाळेत कधी गेला, कोणत्या पत्राने गेला. अहवाल नंतर आला की त्यावरच्या मोहोरेचं वर्णन आणि जप्ती पंचनाम्यातल्या मोहोरेचं वर्णन जुळवता येतं. त्यासाठी अहवालासोबत मुद्देमाल पाठवल्याचं पत्र आणि प्रयोगशाळेची पोच, दोन्हीच्या नकला मागायच्या. नुसता अहवाल निम्मंच काम करतो. सरकारी शास्त्रीय तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो (कलम ३२९). म्हणून उलटतपास हवा असेल तर तज्ज्ञाला समन्स काढण्याचा अर्ज बचावानेच करायचा.

अधिक तपास आता खटला सुरू असताना न्यायालयाच्या परवानगीनेच करता येतो आणि तो ९० दिवसांत संपवायचा आहे. मुदतवाढही न्यायालयच देतं (कलम १९३(९)). त्यातून येणाऱ्या पुरवणी दोषारोपपत्रालाही सूची आणि नकलांचा नियम लागू आहे. पुरवणी कागद नुसते न्यायालयाच्या फाइलला लागून राहिले आणि आरोपीला मिळाले नाहीत, तर मागण्याचा आधार हाच.

दोषारोपपत्रात न लावलेला कागद सरकार पक्षाला नंतर दाखल करताच येत नाही, असा युक्तिवाद चालत नाही. २००२ च्या आर. एस. पै प्रकरणापासून ही गोष्ट स्पष्ट आहे. लढायचं आहे ते कागद आला यावर नव्हे, तो आल्यावर काय मिळालं पाहिजे यावर. इथे सगळ्यात उपयोगी आधार महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आलेला आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र खटला संपण्यापूर्वी नंतरही दाखल करता येईल असं म्हटलं. पण त्याच निकालात फौजदारी खटल्याबद्दल बजावलं की सरकार पक्षाने विसंबून असलेले सगळे कागद खटला सुरू होण्यापूर्वी द्यायचे असतात आणि उशिरा दाखल करू देण्याने आरोपीचं गंभीर किंवा भरून न येणारं नुकसान होता कामा नये. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्धा भाग वाचून दाखवतात. बचावाने पूर्ण परिच्छेद न्यायालयापुढे ठेवावा.

‘वेळ मिळावा’ एवढ्यावर वेळ मिळत नाही

प्रसंग नेहमीचा आहे. साक्षीदार हजर आहे, सरकारी वकील यादीसोबत चार नवे कागद दाखल करतात, न्यायालय बचावाला ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला सांगतं. से मध्ये ‘हरकत आहे, तयारीसाठी वेळ मिळावा’ एवढंच लिहिलं तर दुपारपर्यंतचा वेळ मिळतो, फार तर पुढची तारीख. न्यायालयाचीही बाजू आहे. कलम ३४६ प्रमाणे साक्षीदार हजर असताना तहकुबी सहज देता येत नाही, वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले हे कारण चालत नाही, आणि परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असली तरी दोनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत. लांबलेल्या उलटतपासात साक्षीदार फोडले जातात, हा अनुभव सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या विनोद कुमार प्रकरणात कडक शब्दांत नोंदवला आहे. म्हणून तहकुबीचं कारण सरकार पक्षाने उशिरा दिलेला कागद आहे, हे रोजनाम्यात (खटल्याच्या प्रत्येक तारखेच्या न्यायालयीन नोंदीत) आलं पाहिजे. नाहीतर ती तारीख आरोपीच्या खात्यावर मांडली जाते.

चांगल्या अर्जात हिशेब असतो. नमुना असा:

‘सरकार पक्षाने आज यादीसोबत दाखल केलेल्या पेनड्राइव्हमध्ये १६ कॅमेऱ्यांचे एका दिवसाचे, म्हणजे ३८४ तासांचे चित्रण आहे. घटनेची वेळ रात्री ९ ते ११ असल्याने बचावास त्या दोन तासांचे सर्व कॅमेऱ्यांचे, म्हणजे ३२ तासांचे चित्रण पाहणे आवश्यक आहे. डीव्हीआरच्या घड्याळातील फरक पंचनाम्यात नमूद नाही; तो तपासण्यासाठी तज्ज्ञाची गरज आहे. साक्षीदार क्र. ७ च्या उलटतपासाचा विषय याच चित्रणाशी निगडित आहे. सबब १० दिवसांची मुदत मिळावी. साक्षीदार क्र. ८ व ९ यांचा या चित्रणाशी संबंध नसल्याने त्यांची साक्ष नोंदवण्यास आरोपीची हरकत नाही.’

शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. न्यायालयाचा दिवस वाया जात नाही हे दिसलं की दहा दिवस मिळणं सोपं जातं. सत्र खटल्यात एका साक्षीदाराचा उलटतपास दुसऱ्या साक्षीदाराची साक्ष होईपर्यंत पुढे ढकलण्याची मुभा कलम २५४ मध्ये आहेच. ती शक्यतो साक्षींचं वेळापत्रक ठरतानाच मागावी, असं २०१८ च्या रशीद प्रकरणात म्हटलं आहे. दंडाधिकाऱ्यांसमोरच्या वॉरंट खटल्यात साक्षीदाराचा पोलिस जबाब साक्षीपूर्वीच आरोपीला देण्याचं बंधन कलम २६५ मध्ये आहे.

जे साक्षीदार आधीच तपासून झाले आणि नव्या कागदाचा त्यांच्याशी संबंध आहे, त्यांना परत बोलावण्याचा अर्ज (कलम ३४८) त्याच दिवशी, वेगळा. त्यात प्रश्नांचे विषय लिहावेत, प्रत्यक्ष प्रश्न लिहू नयेत. आरोपात बदल झाला असेल तर साक्षीदार परत बोलावण्याचा हक्क कलम २४० देतं.

तयारीच्या दिवसांचा एकच ठोस आकडा हाती आहे आणि तोही मर्यादित कामासाठी. २०१९ च्या अनोखीलाल प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात ज्या दिवशी न्यायमित्र (न्यायालयाने आरोपीसाठी दिलेला वकील) नेमला त्याच दिवशी आरोप ठेवले गेले आणि पंधरवड्यात फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा प्रकरणात न्यायमित्राला किमान १० वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला साधारण किमान ७ दिवस हवेत, असं त्यात ठरलं. हे ७ दिवस नव्याने नेमलेल्या वकिलासाठी आहेत. तरी उशिरा आलेल्या फॉरेन्सिक अहवालासाठी वेळ मागताना या निकालाचा दाखला द्यावा: पूर्ण प्रकरण समजून घ्यायला ७ दिवस कमीत कमी मानले असतील, तर नवा डीएनए अहवाल एका रात्रीत समजून घ्या असं म्हणता येत नाही.

हरकत लगेच आणि लेखी घेण्याचं आणखी एक कारण आहे. नकला न मिळाल्याने किंवा उशिरा मिळाल्याने खटला आपोआप रद्द होत नाही. अपिलात न्याय हुकला हे दाखवावं लागतं, आणि ही हरकत आधी घेता आली असती का हेही न्यायालय पाहतं (कलम ५११). रोजनाम्यात हरकत नसेल तर अपिलाच्या वकिलाच्या हाती काही उरत नाही.

जे कागद सरकार पक्षाने वापरलेच नाहीत

सेवेतला सर्वात दुर्लक्षित भाग. तपासात जप्त झालेला पण दोषारोपपत्रात न वापरलेला कागद आरोपीच्या बाजूचा असू शकतो: घटनास्थळी आरोपी दिसला नाही असं सांगणारा जबाब, ओळख न पटल्याची नोंद. अशा कागदांची, जबाबांची आणि वस्तूंची यादी आरोपीला द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या मसुदा नियमांत आणलं, २०२२ मध्ये मनोज प्रकरणात त्यावर भर दिला, आणि राज्याने नियम स्वीकारले नाहीत एवढ्या कारणाने यादी नाकारू नये असं पी. पोन्नुसामी प्रकरणात सांगितलं. मनी लाँडरिंगच्या खटल्यांनाही हेच तत्त्व लागू असल्याचं २०२५ च्या सरला गुप्ता निकालाने स्पष्ट झालं.

तरी ही यादी आपणहून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. पहिल्या संचातल्या उणिवांच्या अर्जातच एक वेगळा परिच्छेद तिच्यासाठी लिहावा. यादी आली की त्यातला नेमका कागद मागता येतो. आरोप ठेवण्याच्या टप्प्यावर मात्र अडचण आहे: तिथे बचावाचे कागद मागवता येत नाहीत हा सर्वसाधारण नियम, आणि तपासी अंमलदाराने रोखून ठेवलेला कागद निर्विवाद दर्जाचा असेल तरच अपवाद, हे २०१७ च्या नित्य धर्मानंद प्रकरणात आहे. केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजची नोंद) आरोपीला मागता येत नाही. तिच्यावर वेळ घालवू नये.

तुरुंगातून, आणि विनामूल्य वकिलाकडून

ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि आदेश दिसतात. नवे कागद दाखल झाल्याची चाहूल आदेशांवरून लागते, म्हणून नातेवाइकांनी तेवढं पाहत राहावं. दोषारोपपत्र तिथे नसतं. ते सार्वजनिक संकेतस्थळावर टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली आहे.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाकडे (आरोपींना विनामूल्य वकील देणाऱ्या) अर्ज करावा. अटकेतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट लागत नाही. तिथे जाताना संच सूचीसह आणि आतापर्यंतच्या सगळ्या पुरसीसांसह द्यावा. तुरुंगातल्या आरोपीने आपल्याकडचा संच सुटी पानं काढून कुणाला देऊ नये. घरच्यांकडे स्कॅन केलेली एक पूर्ण प्रत असू द्यावी. वकील बदलताना जुन्या वकिलाकडून मूळ संच पानं मोजून घ्यावा आणि पोच लिहून द्यावी. दुसऱ्यांदा विनामूल्य संच देण्याची तरतूद कलम २३० मध्ये नाही. हरवलेल्या पानांसाठी नक्कल विभागात अर्ज करून, फी भरून, प्रमाणित नकला घ्याव्या लागतात. त्याला लागणारे दिवस वेळ मागण्याचं कारण म्हणून सहसा ऐकले जात नाहीत.